स्टारचा ॲक्शन-कॉमेडी सिनेमा आला की रिव्ह्यू कसे वाचायचे (चेन्नई एक्सप्रेस समोर ठेवून)

शुक्रवारी सकाळी फोन उघडला की एकाच सिनेमाला एकीकडे चार स्टार, दुसरीकडे दीड, तिसरीकडे "फॅन्ससाठी मेजवानी" आणि चौथीकडे "डोकं घरी ठेवून जा". इकडे घरातल्या पाच जणांची तिकिटं काढायची असतात, पॉपकॉर्न आणि पार्किंग धरलं की चांगलाच फटका बसणार असतो, आणि रविवारच्या दुपारच्या शोच्या मधल्या सीट्स भराभर लाल होत चाललेल्या असतात. मग ऐकायचं कुणाचं?

गंभीर सिनेमाचे रिव्ह्यू वाचणं त्यामानाने सोपं असतं, समीक्षकाला आवडला आणि आपली-त्याची आवड जुळत असेल तर आपल्यालाही आवडतो, विषय संपला. मोठ्या स्टारच्या ॲक्शन-कॉमेडीत तसं होत नाही, कारण तिथे समीक्षक एकाच वेळी स्टारला, त्या प्रकारच्या सिनेमाला, डिरेक्टरच्या मागच्या सगळ्या सिनेमांना आणि थोडंफार स्वतःच्या त्या दिवशीच्या मूडलाही मार्क देत असतो, आणि आपल्याला त्यातलं फक्त एवढंच पाहिजे असतं की आम्हाला हसू येईल का आणि कंटाळा किती वेळ येईल. ही माहिती बहुतेक रिव्ह्यूत असते, अगदी शिव्या घातलेल्या रिव्ह्यूतही असते, फक्त ती शोधावी लागते. शोधायची कशी ते सांगते.

उदाहरणाला चेन्नई एक्सप्रेस घेते. ९ ऑगस्ट २०१३ ला ईदच्या दिवशी आला, शाहरुख खान आणि रोहित शेट्टी पहिल्यांदाच एकत्र, सोबत दीपिका पदुकोण. आता सगळ्यांनी टीव्हीवर तुकड्यातुकड्यात का होईना पाहिलाय त्यामुळे स्पॉयलरची भांडणं नकोत. आणि मुख्य म्हणजे रिव्ह्यू संमिश्र, गल्ला मात्र रेकॉर्डतोड, त्यामुळे शिकायला याच्याइतकी चांगली केस नाही.

आधी स्टार झाका

अगदी खरोखर अंगठा ठेवून झाका. पाचपैकी अडीच स्टार म्हणजे काय हे आजवर कुणाला कळलेलं नाही. एखादा समीक्षक अडीच देतो तेव्हा त्याला म्हणायचं असतं "वाईट आहे पण हिरोचे फॅन शिव्या देतील", दुसरा अडीच देतो तेव्हा म्हणायचं असतं "मला मजा आली पण कबूल कसं करू". साडेतीनचंही तेच, एकाकडे ते कौतुक असतं आणि दुसऱ्याकडे नेहमीचीच खिरापत, तो सगळ्यांनाच साडेतीन देतो. पोस्टरवर छापलेल्या स्टार्सच्या रांगेकडे तर बघूच नका, ज्यांनी दोन दिलेत ते त्या रांगेत कधी दिसलेत का तुम्हाला?

तिकिटाच्या ॲपवरचं रेटिंगही पहिल्या दिवशी काही कामाचं नाही. पहिल्या दिवशी पहिला शो बघणारा माणूस मुळात फॅन असतो, तो दहापैकी दहा देऊन मोकळा होतो, आणि समोरच्या स्टारचा फॅन सिनेमा न बघताच एक देतो. तो आकडा सोमवारनंतर बघा, तेव्हा जरा माणसात आलेला असतो.

तक्रारींचे दोन ढीग करा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे म्हणून इथे जरा जास्त वेळ घालवते.

रिव्ह्यू वाचताना कौतुकाची वाक्यं सोडून द्या, ती सगळीकडे सारखीच असतात, लोकेशन्स डोळ्यांना सुखावतात, संगीत श्रवणीय, अमुकतमुक भाव खाऊन जातो वगैरे. तक्रारी वाचा आणि मनातल्या मनात त्यांचे दोन ढीग करा.

पहिल्या ढिगात अशा तक्रारी टाकायच्या ज्या त्या प्रकारच्या सिनेमाबद्दलच असतात. लॉजिक नाही, गाड्या हवेत उडतात, हिरो एकटा पंचवीस जणांना लोळवतो, कथा पोस्टकार्डावर मावेल एवढीच आहे. अहो, रोहित शेट्टीचा सिनेमा आहे, २००६ च्या गोलमालपासून आणि २०११ च्या सिंघमपासून तर नक्कीच, गाडी उडणार हे तिकीट काढतानाच ठरलेलं असतं. मिसळीच्या हॉटेलात जाऊन तर्री तिखट आहे म्हणून कुणी तक्रार केली तर आपण त्याच्याकडे जसं बघतो तसंच या ढिगाकडे बघायचं. तक्रार खोटी नाहीये, पण तिच्यातून आपल्याला नवीन काही कळत नाही.

चेन्नई एक्सप्रेसमध्ये या ढिगासाठी मटेरियल भरपूर आहे. माझी सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे ट्रेनचा रूट. मुंबईहून चेन्नईला जाणारी गाडी पुणे, सोलापूर, गुंटकल करत जाते, आणि सिनेमात ती थेट दूधसागरसमोर येऊन उभी राहते, जो गोव्यात लोंढा-कुळे लाईनवर आहे आणि जिथे या गाडीचं काहीएक काम नाही. म्हणजे मित्रांसोबत गोव्याला जायचं म्हणून कल्याणला उतरायचा प्लॅन केलेला हिरो चुकून चेन्नईच्या गाडीत अडकतो आणि ती गाडी त्याला गोव्याच्या हद्दीतूनच फिरवून आणते! रेल्वेप्रेमी मंडळी यावर तासभर बोलू शकतात, मीही बोलू शकते, पण सिनेमा बघताना मागे तो पांढराशुभ्र धबधबा पडत असतो तेव्हा टाइमटेबल कुणाला आठवतंय. तसंच तामिळनाडूतलं गाव म्हणून दाखवलेल्या भागातलं बरंचसं शूटिंग आपल्या वाई-पाचगणीकडचं आहे. साताऱ्याकडच्या लोकांना ते डोंगर ओळखीचे वाटले असतील, बाकी जगाला काय फरक पडतो. तर हे सगळं पहिल्या ढिगात टाका आणि विसरा.

दुसऱ्या ढिगात अशा तक्रारी ज्या कामाबद्दल असतात. म्हणजे सिनेमाने जे करायचं ठरवलं तेच नीट केलं नाही अशा. इंटरव्हलनंतर रेंगाळतो. एकच जोक तीनदा. मारामारी चालू असताना मध्येच भाषण. कॉमेडियन आहेत पण त्यांना लाईनीच नाहीत. असं काही दिसलं की थांबून वाचायचं, कारण हे तुम्हालाही खटकणार असतं, तुम्ही कितीही मोठे फॅन असा.

आता चेन्नई एक्सप्रेसचे तेव्हाचे रिव्ह्यू असे चाळले की एक गंमत दिसते. ज्यांना आवडला त्यांना आणि ज्यांना नाही आवडला त्यांनाही साधारण एकाच ठिकाणी मजा आली होती आणि एकाच ठिकाणी कंटाळा आला होता. ट्रेनमधला भाग, म्हणजे हिरोने एकामागून एक धावत येणाऱ्यांना हात देऊन डब्यात ओढून घेणं आणि मग कळणं की हे सगळे गुंड आहेत, आणि मग तो आणि मीनम्मा, म्हणजे दीपिका, गुंडांना समजू नये म्हणून हिंदी गाण्यांच्या चालींवर एकमेकांशी बोलतात ते, हे बहुतेकांना चाललं. आणि गावातून पळा, पुन्हा सापडा, पुन्हा पळा हे सुरू झालं की घड्याळाकडे लक्ष गेलं. शेवटी कॉमेडी अचानक बाजूला ठेवून हिरो मुलीच्या बापाला भाषण देतो आणि मग रक्त येईपर्यंत हाणामारी, तिथे सिनेमाचा सूर बदलतो हेही बऱ्याच जणांनी लिहिलं होतं.

इथेच सगळ्यात उपयोगी नियम मिळतो. जास्त स्टार देणारा आणि कमी स्टार देणारा दोघंही ज्या गोष्टीची तक्रार करतात ती शंभर टक्के खरी धरा. जास्त देणारा नेहमी ती तक्रार शेवटून दुसऱ्या परिच्छेदात लपवतो, "किंचित लांबलेला उत्तरार्ध वगळता" असं काहीतरी, कमी देणारा तीच पहिल्याच ओळीत ओरडून सांगतो. म्हणून माझी पद्धत अशी की एक भरभरून कौतुकाचा रिव्ह्यू घ्यायचा आणि एक सालटं काढणारा, मधले अडीचवाले सोडून द्यायचे, आणि दोघांत कॉमन काय आहे तेवढंच बघायचं. दहा मिनिटांत काम होतं.

आणि दुसऱ्या ढिगातल्या तक्रारीही सगळ्या सारख्या नसतात. लांबला आहे, शेवट जड आहे, असं असेल तर ॲक्शन-कॉमेडी तरून जाते, लोक तेवढं माफ करतात. पण दोन-तीन वेगवेगळ्या लोकांनी सरळ लिहिलं असेल की हसू येत नाही, तर मग मात्र कुठलाही स्टार वाचवू शकत नाही. याच जोडीचा, म्हणजे शाहरुख आणि रोहित शेट्टीचा, दिलवाले आला डिसेंबर २०१५ ला, बाजीराव मस्तानीच्या बरोबर त्याच शुक्रवारी. काजोल होती, गाड्या उडत होत्या, परदेशातलं शूटिंग होतं, पहिल्या दिवशी भारतात दिलवालेच पुढे होता. पण कॉमेडी जमलेली नाही हे रिव्ह्यूत होतं आणि बघून आलेलेही तेच सांगत होते, आणि पुढच्या आठवड्यांत बाजीराव भारतात त्याला मागे टाकून गेला. कथेत दम नाही ही तक्रार चेन्नई एक्सप्रेसलाही होती आणि दिलवालेलाही, त्यामुळे त्या तक्रारीवरून काही कळलं नसतं, हसू येत नाही या तक्रारीवरून कळलं असतं.

हिरोबद्दलचा परिच्छेद वेगळा वाचा

स्टारच्या सिनेमाच्या रिव्ह्यूत एक परिच्छेद हमखास स्टारवर असतो, आणि तो बऱ्याचदा या भूमिकेबद्दल नसतोच, मागच्या वीस वर्षांबद्दल असतो. समीक्षकाला तो माणूस एकेकाळी आवडायचा, आता तो असलं काहीतरी करतो याचं दुःख, किंवा उलट, कधी आवडलाच नाही आणि हेच पुन्हा पुन्हा सांगायची संधी. तो परिच्छेद वाचताना एकच विचारायचं, हा राग या सिनेमावर आहे की आधीचाच आहे?

चेन्नई एक्सप्रेसमध्ये शाहरुख फार ओव्हर करतो, चेहरे वेडेवाकडे करतो, हे खूप ठिकाणी आलं होतं. खरंच करतो की! पण त्यात एक मेख आहे, तो सिनेमा मुद्दाम त्याच्या जुन्या इमेजवर उभा आहे. नाव राहुल, धावत्या ट्रेनमधून पुढे केलेला हात थेट दिलवाले दुल्हनिया ले जायेंगेमधला, वय चाळीस, मारामारी येत नाही, घाबरट, आणि डायलॉग मारतो तर समोरच्याला हिंदीच कळत नाही. ज्याने नव्वदच्या दशकातला शाहरुख पाठ केलाय त्याला यातल्या निम्म्या जोक्सला हसू येतं, ज्याला त्यात कधीच रस नव्हता त्याला समोर एक मोठा माणूस उगाच वेडेचाळे करताना दिसतो. दोघंही बरोबर आहेत. म्हणून रिव्ह्यूत "जुन्या सिनेमांचे संदर्भ", "स्वतःचीच टर उडवतो" असं काही आलं की स्वतःला विचारायचं, ते जुने सिनेमे आपण आणि आपल्यासोबत येणारी मंडळी पाहिलेत का. तुमच्यासोबत पंधरा वर्षांची भाची येणार असेल तर त्या हाताला ती हसणार नाही, ती विचारेल हे काय चाललंय.

हिरोइनबद्दल काय लिहिलंय तेही बघा, हा मला फार भरवशाचा थर्मामीटर वाटतो. असल्या सिनेमांत हिरोइनवर साधारण एक ओळ असते, सुंदर दिसते आणि वाव कमी, एवढीच. ज्या रिव्ह्यूंत हिरोइनवर अख्खा परिच्छेद येतो तिथे समजायचं की सिनेमा लिहिणाऱ्याने तिला काहीतरी करायला दिलंय, म्हणजे स्क्रिप्टवर थोडंफार काम झालंय. चेन्नई एक्सप्रेसमध्ये नेमकं हेच झालं, सिनेमा न आवडलेल्यांनीही दीपिकाच्या टायमिंगचं कौतुक केलं होतं, झोपेत लाथा मारते तो सीन आठवा. पुढे २०१४ च्या आयफाला बेस्ट ॲक्ट्रेसही तिला याच सिनेमासाठी मिळालं. श्रेयनामावलीत तिचं नाव शाहरुखच्या आधी आहे, ते त्याने २०१३ च्या महिला दिनाला जाहीरच केलं होतं की इथून पुढे माझ्या सिनेमात हिरोइनचं नाव आधी. चांगली गोष्ट आहे, पण नाव आधी लिहिलं म्हणून भूमिका मोठी होत नाही, इथे सुदैवाने होती.

हसतंय कोण आणि कुणावर

आता जरा नाजूक भाग. चेन्नई एक्सप्रेसवरचा सगळ्यात गंभीर आक्षेप म्हणजे त्यात तामिळ लोक कसे दाखवलेत. सगळे पुरुष धिप्पाड, काळे, कोयते घेतलेले, मुलीची हिंदी अशी की प्रत्येक अक्षरावर हेलकावा, गावाचा प्रमुख बाप म्हणजे डॉनच. शेवटी लुंगी डान्स, रजनीकांतला मानवंदना म्हणून.

बरेच वाचक असला परिच्छेद आला की "झालं सुरू, आता यात पण राजकारण" म्हणून पुढे सरकतात. सरकू नका. इथे आपल्याला एक सोपी परीक्षा घेता येते, कारण हिंदी सिनेमाने मराठी माणसाला वर्षानुवर्षं काय दाखवलंय, हवालदार, मोलकरीण, गुंडाच्या मागे उभा राहून "हो भाऊ" म्हणणारा. ते बघताना आपल्याला जसं वाटतं तसं चेन्नईत कुणाला वाटलं असेल का एवढंच विचारायचं. माझं उत्तर, काही ठिकाणी नक्कीच वाटलं असेल. आणि काही ठिकाणी नाही, कारण या सिनेमात येडपट ठरतो तो मुंबईचा हिंदीवाला हिरो, त्याला आजूबाजूचं काही कळत नाही, ढिगाने तमिळ संवाद आहेत आणि त्यातले कितीतरी भाषांतर न देता तसेच सोडलेत, म्हणजे प्रेक्षकही त्याच्यासारखाच अडकतो. सत्यराजसारखा तमिळमधला मोठा नट बापाच्या भूमिकेत आहे, टायटल साँग एसपी बालसुब्रमण्यम यांनी गायलंय. म्हणजे नुसती टिंगल करायला निघालेला सिनेमा हा नाही, पण साउथ म्हणजे सगळं एकच असं समजणाऱ्या माणसाने केलेला आहे असं मला वाटतं.

तुम्हाला वेगळं वाटेल, वाटू दे. मुद्दा एवढाच की असा आक्षेप वाचताना त्यात सीन सांगितलाय का ते बघा. "रूढीबद्ध चित्रण" एवढंच लिहून सोडलं असेल तर तो समीक्षक फॉर्म भरतोय. अमुक सीनमध्ये अमुक माणसाला केवळ त्याच्या रंगावरून हसायला लावलंय असं नेमकं लिहिलं असेल तर ते तुम्हाला थेटरात दिसणारच, आणि सोबत कुणी असेल ज्याला ते बोचेल तर आधी माहीत असलेलं बरं.

आणि जाहिराती. नोकियाचा फोन त्या सिनेमात एवढा मिरवतो की तोही एक पात्र वाटावा. रिव्ह्यूत याचा उल्लेख असेल तर हसून सोडून द्या, काही बिघडत नाही.

कोटी हा रिव्ह्यू नाही

सोमवारपासून रिव्ह्यू कुणी वाचत नाही, आकडे वाचतात. "समीक्षकांना आवडला नाही म्हणे, मग शंभर कोटी कसे झाले?" हा प्रश्न घराघरात विचारला जातो आणि विचारणाऱ्याला वाटतं आपण जिंकलो.

चेन्नई एक्सप्रेसने गुरुवारचे पेड प्रीव्ह्यू, म्हणजे रिलीजच्या आदल्या दिवशीचे तिकीट लावलेले शो, धरून पहिल्याच वीकेंडला १०० कोटींचा टप्पा गाठला, देशातली एकूण कमाई सव्वादोनशे कोटींच्या वर गेली आणि २००९ पासून थ्री इडियट्सच्या नावावर असलेला देशातल्या कमाईचा रेकॉर्ड मोडला. मग डिसेंबरात धूम ३ ने याचा मोडला, चार महिन्यांत. आता हे आकडे कसे वाचायचे? पहिलं, ईदचा शुक्रवार, आणि लगेच पुढच्या गुरुवारी १५ ऑगस्ट, म्हणजे एका आठवड्यात दोन सुट्ट्या. दुसरं, देशात साडेतीन हजारांच्या घरात स्क्रीन. तिसरं, समोर कुणी नाही, वन्स अपॉन अ टाइम इन मुंबईचा दुसरा भाग त्याच ईदला येणार होता तो १५ ऑगस्टवर ढकलला गेला. एवढं सगळं जुळून आल्यावर पहिल्या तीन दिवसांचा आकडा सिनेमा कसा आहे हे सांगतच नाही, स्टार किती मोठा आहे आणि वितरकाचं गणित किती पक्कं आहे एवढंच सांगतो.

त्या साडेतीन हजार स्क्रीनची दुसरी बाजू आपल्याकडे बघायला मिळाली होती. तेव्हा दुनियादारी थेटरात जोरात चालू होता, १९ जुलैला लागलेला, स्वप्नील जोशी, अंकुश चौधरी, सई ताम्हणकर, हाऊसफुल्ल बोर्ड. आणि चेन्नई एक्सप्रेससाठी त्याचे शो काढणार असं कळल्यावर मनसेने इशारा दिला की दुनियादारी उतरवाल तर तोही लावू देणार नाही, मग बोलणी झाली आणि मराठी सिनेमाचे शो राहिले. तुमचं त्या पक्षाबद्दल काहीही मत असो, एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, की एखाद्या सिनेमाचा गल्ला वाढतो तेव्हा बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाचे शो कमी झालेले असतात, आणि ते त्या शंभर कोटींच्या बातमीत लिहिलेलं नसतं.

मग आकड्यांतून काही कळतच नाही का? कळतं, पण पहिल्या वीकेंडचा आकडा आणि शेवटचा आकडा शेजारी ठेवले तर. थ्री इडियट्सचा पहिला वीकेंड चेन्नई एक्सप्रेसच्या निम्म्याहूनही कमी होता तरी तो दोनशे कोटींवर गेला, म्हणजे लोक आठवडेच्या आठवडे येत राहिले, एकमेकांना सांगत राहिले, दुसऱ्यांदा गेले. चेन्नई एक्सप्रेसची देशातली जवळपास निम्मी कमाई पहिल्याच वीकेंडात झाली. म्हणजे पडला असं अजिबात नाही, दुसऱ्या आठवड्यातही चांगला चालला, पण स्टारच्या नावावर आलेली गर्दी जास्त आणि तोंडी प्रचाराने आलेली त्यामानाने कमी. आणि ते रिव्ह्यूंशी अगदी जुळतं बघा, मजा येते पण पुन्हा बघावासा वाटेल असं फार थोडे जण म्हणत होते.

अजून एक, ग्रॉस आणि नेट बघून घ्या. ग्रॉस म्हणजे तिकिटांचे एकूण पैसे, नेट म्हणजे कर वजा जाता उरलेले. तेव्हा महाराष्ट्रात शहरांतल्या हिंदी सिनेमाच्या तिकिटांवर ४५ टक्क्यांपर्यंत करमणूक कर होता, त्यामुळे दोन आकड्यांत मोठा फरक पडायचा, आता जीएसटी आहे. एका सिनेमाचा जगभरातला ग्रॉस आणि दुसऱ्याचा देशातला नेट घेऊन भांडणारे लोक मी रोज बघते, त्यात पडू नका. आणि नेटमधलेही साधारण निम्मे थेटरवाले ठेवतात, निर्मात्याच्या हातात येतो तो तिसराच आकडा.

कधी वाचायचं

बुधवार-गुरुवारी रात्री जे "पहिला रिव्ह्यू" म्हणून फिरतं त्यात शोधण्यासारखं काही नसतं, सगळं ब्लॉकबस्टर आणि आगीच्या इमोजी. त्यातले किती पैसे घेऊन लिहिलेले आणि किती खरंच उत्साही हे बाहेरून कळायला मार्ग नाही, तेव्हा सोडाच. शुक्रवारी दुपारपर्यंत प्रेस शो बघून आलेल्यांचे रिव्ह्यू येतात, त्यातले वर सांगितले तसे दोन वाचायचे. शनिवारी रात्री ओळखीतलं कुणीतरी बघून आलेलं असतं त्याला फोन करायचा, आणि "कसा आहे" असं विचारायचं नाही. कसा आहे विचारलं की उत्तर येतं "ठीक आहे, एकदा बघायला हरकत नाही", याला काही अर्थ नाही. विचारायचं की मोबाईल किती वेळा बघितलास, आणि थेटर कुठल्या सीनला हसलं. याची उत्तरं लोक अगदी खरी देतात.

परदेशातल्या मंडळींना हे जरा वेगळं जातं, दुबई किंवा न्यू जर्सीत असाल तर हिंदी सिनेमाचे मोजके शो, तिकीट महाग, आणि तिथल्या इंग्रजी पेपरातला समीक्षक बऱ्याचदा या प्रकारचा सिनेमा वर्षातून एखाद-दुसरा बघणारा. त्याचा रिव्ह्यू वाचायला मजा येते, गाणं मध्येच का आलं याचं त्याला खरंखुरं आश्चर्य वाटत असतं, पण त्यावर तिकीट ठरवू नका, तो बिचारा सगळं पहिल्याच ढिगात टाकतो.

बघून आल्यावर तेच दोन रिव्ह्यू पुन्हा वाचा, ही पायरी लोक नेहमी गाळतात. कुणाचं वाक्य तुमच्या अनुभवाशी जुळलं ते बघा आणि ते नाव लक्षात ठेवा. पाच-सहा सिनेमांनंतर तुमच्याकडे एक माणूस तयार होतो ज्याच्याशी तुमचं जुळतं, आणि दुसरा एक असा की त्याला आवडला की आपल्याला हमखास नाही आवडत, हा दुसरा तर पहिल्यापेक्षा जास्त उपयोगी.

आणि ग्रुपवर स्वतः लिहायचं असेल तर

फॅमिली ग्रुपवर रविवारी रात्री "पैसा वसूल" लिहून अंगठा टाकायचा नाही. चार-पाच ओळी पुरतात. लांबी किती आहे, चेन्नई एक्सप्रेस सव्वादोन तासांच्या वर होता, लहान पोरं असतील तर हे आधी लागतं. इंटरव्हलच्या आधी जास्त मजा आली की नंतर. हसलात तो एक सीन, पण जोक न फोडता, "ट्रेनमधला भाग" एवढंच. खटकलेला एक सीन. मारामारीत रक्त किती, आवाज किती, कारण शेवटची फाईट बघून आमच्याकडची चार वर्षांची पोरगी डोळे झाकून बसली होती आणि हे एकाही रिव्ह्यूत नव्हतं. आणि हिरोचे आधीचे सिनेमे न बघता गेलं तर चालेल का. स्टार द्यायचेच असतील तर शेवटी द्या, म्हणजे मामा तरी वरचं वाचतील.